सोडून दिलेला मासा

मासा सोडून द्यायचा असतो हे जोखनला ठाऊक होतं, पण आज हात ऐकत नव्हते. कर्णालीच्या गार पाण्यात गुडघाभर उभा राहून त्याने तो हाताएवढा लांब, सोनेरी खवल्यांचा सहर जातीचा मासा दोन्ही तळव्यांवर तोलला होता. हॉलंडहून आलेले हेंड्रिकसाहेब फोटो काढत होते. होडीत बसलेला पहारेकरी खडानंद दोघांवर नजर ठेवून होता.

नियम साधा होता. राखीव जंगलातल्या नदीत परवाना काढलेल्या परदेशी पाहुण्याने गळ टाकायचा, मासा धरायचा, कौतुक करायचं आणि सोडायचा. जोखनच्या सोनाहा लोकांनी, ज्यांच्या कैक पिढ्या ह्याच नदीवर जगल्या, त्यांनी होडी वल्हवायची. त्यांच्या हातात जाळं दिसलं की तुरुंग. जोखनचा थोरला भाऊ जाऊन आला होता. आल्यापासून तो नदीकडे पाठ करून बसे.

"आज तुझ्याकडे सोयरीक ना रे जोखन्या?" खडानंदने विचारलं. "पाव्हण्यांना काय वाढणार? डाळभात?"

"बघू, हवालदारसाहेब."

"बघू काय? बघण्यासारखं हातातच आहे की."

जोखनने मासा पाण्यात उतरवला. वयाने धाकटा असूनही खडानंद त्याला असाच टोचून बोलायचा. गेल्या साली मुलीला पहिलं स्थळ आलं तेव्हा घरात मासा नव्हता म्हणून जोखनने कोंबडी वाढली होती. पाव्हण्यांनी पानाला हात लावला नाही. सोनाहाच्या घरात नदीचा मासा शिजत नाही, तिथली मुलगी कशाला करायची, असं वस्तीभर बोलून ते गेले. पोर चार दिवस घराबाहेर पडली नाही. आज संध्याकाळी दुसरे येणार होते, आणि हेही हातचे गेले तर तिसरे येतील असं जोखनला वाटत नव्हतं.

"तोंड प्रवाहाकडे ठेव," हेंड्रिकसाहेब म्हणाले. "दम येऊ दे त्याला."

जोखनला ते शिकवायला नको होतं. पण मासा सावरायच्या श्वासभर आधीच त्याने हात उघडले. मासा कुशीवर कलला, एकदा चमकला आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत गेला.

"थकलाय तो," हेंड्रिकसाहेब म्हणाले.

"खाली वळणावर पाणी संथ आहे, साहेब. तिथं घेईल दम." जोखनने हात पुसले. "चला, वर जाऊ आता. ऊन चढलंय."

"इतक्यात? मला डॉल्फिन बघायचाय. वळणावर दिसतात म्हणे."

"वळणावर मगर असते साहेब. मोठी आहे."

"मगर?" हेंड्रिकसाहेबांचे डोळे लकाकले. "मग तर गेलंच पाहिजे."

जोखनने स्वतःला मनातल्या मनात शिवी घातली. माणूस मगर बघायला अर्धी दुनिया ओलांडून आला होता आणि त्याने तिचीच भीती घातली होती. त्याने खडानंदकडे पाहिलं.

"मला घरी लवकर जायचं होतं, हवालदारसाहेब. पाव्हणे..."

"परवाना साहेबांचा आहे, तुझा नाही. ते म्हणतील तिकडं. माझीही गस्त त्या बाजूची राहिलीच आहे."

होडी प्रवाहाला लागली. आता मागे फिरवायची म्हटली तरी एका माणसाच्या बळाने फिरणारी नव्हती. पुढे वळण, मागे पहारेकरी, दोन्ही बाजूंना पाणी. जोखन वल्ही नुसती बुडवून धरत होता.

"वल्ही जड झाली का रे?" खडानंद म्हणाला. "की मगरीची खरंच भीती वाटते?"

वळण आलं. मगर नव्हती. वाळूच्या काठावर जोखनची बायको बुधनी लाकडी पाटावर वाळू धूत बसली होती. सोन्याचे कण शोधायला मनाई नव्हती; बायका अधूनमधून येत. तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. शेजारी ओल्या वाळूचा ढीग होता. होडी पाहून ती उठली नाही, फक्त हात भरभर चालवू लागली.

"ही तुझी बायको ना?" खडानंद उभा राहिला. "घरी सोयरीक आणि ही इथं?"

"मुलीच्या नाकातल्या फुलीला कण कमी पडतात," जोखन म्हणाला.

"वा," हेंड्रिकसाहेब दुर्बीण उचलत म्हणाले. "सोनं काढतात? होडी काठाला घे, जवळून बघू."

जोखनला भाऊ आठवला. जेलरच्याच नव्हे, तर स्वतःच्या घराच्या दारातही परवानगी मागून आत येणारा भाऊ. होडी काठाकडे सरकत होती. खडानंद पुढच्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून वाळूकडे बघत होता. मग तो अचानक वळला आणि त्याने पलीकडच्या तीराकडे काठी रोखली.

"साहेब, तिकडे. डॉल्फिन."

हेंड्रिकसाहेब गर्रकन फिरले, होडी डुचमळली. जोखननेही पाहिलं. तिकडचं पाणी सपाट होतं.

"अजून डावीकडे, साहेब. नजर हटवू नका," खडानंद म्हणाला आणि मघासारखाच कडक चेहरा ठेवून जोखनच्या कानाशी वाकला.

"जोखनदादा, वहिनींना खूण कर. वाळूतून शेपूट बाहेर राहिलंय."