बदकाची क्लॅरिनेट

टीव्ही बंद करायला तिनं हात पुढे केला, तेवढ्यात मागून नर्स म्हणाली, "ताई, राहू द्या. आजोबा चिडतात."

वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये दुपारची सुस्ती होती. तिचे बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. समोर जुनं कार्टून चाललं होतं. एक पोस्टमन आणि त्याच्या मागे लागलेलं बदक. ती कानकोंडी झाली. नेमकं हेच लागावं?

त्या कार्टूनच्या पार्श्वसंगीतातली क्लॅरिनेट तिची होती. तरुणपणी काही वर्षं तिनं स्टुडिओत हेच काम केलं. पडद्यावर चित्र धावायचं आणि समोर बसलेले डझनभर वादक त्याच्याबरोबर धावायचे. बदकाचं पाऊल पडलं की सूर पडायचा, जराही अलीकडे-पलीकडे नाही. पोस्टमन जिन्यावरून गडगडला की ट्रॉम्बोनही गडगडायचा. आणि तो दमून पायरीवर टेकला की व्हायोलिनं अशी हळवी व्हायची, की खिदळणारी पोरंही गप्प व्हावीत. बदक एक अक्षर बोलायचं नाही. त्याचा राग, रुसवा, लबाडी, सगळं तिच्या फुंकेतून यायचं. पुढे तिनं कितीतरी ठिकाणी वाजवलं, पण जीव इतका कुठे रमला नाही.

बाबा मोठ्या वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवादक. तिला त्यांनीच शिकवलं होतं. स्टुडिओतल्या कामाचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "इतकी विद्या शिकलीस, ती बदकाच्या पायाशी वाहणार?" त्यानंतर घरात जेवणखाण, औषधपाणी, सगळ्यावर बोलणं व्हायचं. संगीताचा विषय मात्र दोघांपैकी कोणीच काढला नाही. आणि आता तर बाबा तिला ओळखतही नव्हते. ती भेटायला आली की अदबीनं विचारायचे, कोणाकडे आलात?

"पण ते झोपलेत," ती म्हणाली.

नर्स हसली. झोपलेले नाहीत, म्हणाली. हे कार्टून चॅनेलवर पुन्हा दाखवायला लागलेत, तेव्हापासून आजोबा रोज लावायला सांगतात आणि डोळे मिटून घेतात. चित्राकडे बघतसुद्धा नाहीत. पण पुढे काय वाजणार ते अगदी पहिल्या दिवसापासून आधीच गुणगुणतात.

ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

पडद्यावर पाठलागाच्या भरात बदक गच्चीच्या कठड्यावर पोचलं. त्यानं खाली बघितलं. क्लॅरिनेट वर वर चढत गेली आणि ऐन टोकाला चिरकली.

बाबांनी डोळे न उघडताच बोट वर केलं आणि शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईंना हळूच सांगितलं,

"ऐकलंत? हा सूर माझ्या मुलीनं मुद्दाम फाटू दिलाय. बदक घाबरलंय ना. मला हे जन्मात जमलं नसतं."