स्वच्छ प्रत

“तुम्हाला एक टीबी म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी, काका,” दुकानवाली म्हणाली. तिनं काउंटरवर हार्ड डिस्कची तीन छोटी खोकी मांडून ठेवली होती.

काकांनी पहिलं खोकं उचललं आणि त्यावरची हमीची बारीक अक्षरं वाचायला घेतली. वरपासून खालपर्यंत. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. औषधाची चिठ्ठीसुद्धा खिशातलं लाल पेन चाचपत वाचणार. काकू खोक्यांकडे बघतही नव्हत्या. मुलीचा लॅपटॉप त्यांनी पोटाशी धरला होता, आणि दुकानवालीनं दोनदा हात पुढे केला तरी सोडला नव्हता.

“यात आमच्या मुलीचा आवाज आहे,” त्या म्हणाल्या. “अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची ती. घरीच, तिच्या खोलीत. चार महिने झाले तिला जाऊन.” मग घाईघाईनं, “हा बंद पडायच्या आत सगळं दुसरीकडे ठेवायचंय. सारखा सांगत होता, जागा संपली, जागा संपली.”

दुकानवालीनं तीनपैकी दोन खोकी पुढे सरकवली. “मग दोन घ्या, काकू. एक घरी ठेवा, एक बहिणीकडे, भावाकडे, कुठेही. एकाच ठिकाणी ठेवलं म्हणजे ठेवलंच नाही असं समजायचं. आणा, किती भरलाय बघते.”

काकूंनी अखेर लॅपटॉप दिला. तिनं तो उघडला, दोन-तीन ठिकाणी बघितलं.

“जागा कुठे संपलीये? निम्म्याहून जास्त रिकामा आहे की.”

“असं कसं? मागच्या महिन्यात तर काठोकाठ होता.”

“मी आवरलं ते,” काका म्हणाले. हमी वाचून झाली होती. त्यांनी खोकं खाली ठेवलं. आवाजात जरा ऐटच होती. “आठ दिवस बसलो होतो हेडफोन लावून. अगं, एकेका पानाचे पाच-पाच, सहा-सहा प्रयत्न होते. अडखळलेले, मध्येच सोडून दिलेले. जो बिनचूक, तो ठेवला. बाकीचे काढून टाकले. नव्या डिस्कवर कचरा कशाला न्यायचा?”

ते आठ दिवस काकूंना चांगले आठवत होते. भर दुपारी नवरा मुलीच्या खोलीत बसलेला, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. एकदाचा हा माणूस रडेल, मोकळा होईल, असं वाटून त्यांनी हळूच दार लोटून घेतलं होतं.

“रिसायकल बिनमध्ये असेल ना,” दुकानवाली पटकन म्हणाली.

“तेही रिकामं केलं.” काम अर्धवट सोडायची सवय नव्हती त्यांना.

तिनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. एक प्रोग्रॅम चालवला, मग दुसरा. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. ऑपरेशन थिएटरच्या दारावरच्या दिव्याकडे बघावं तशा काकू त्या पट्टीकडे बघत होत्या. पट्टी पूर्ण झाली. खाली काहीच आलं नाही.

“लॅपटॉपमधल्या या प्रकारच्या डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही, काकू. कुणी आणून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.”

“पण पुस्तकं सगळी आहेत,” काका म्हणाले. “एक पान गेलेलं नाही. अगदी स्वच्छ प्रत आहे.”

“पुस्तकं काय करू मी, अहो? ती दुसऱ्या कुणी लिहिलेली. बिनचूक वाचायची तेव्हा आपली पोर कुठे होती त्यात? चुकली की बोलायची. स्वतःशी, माझ्याशी, तुमच्याशी. तेवढीच होती ती. नेमकी तेवढीच काढून टाकलीत.”

आपण काय केलं ते काकांना आत्ता, या काउंटरपाशी उभं राहून कळत होतं. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दुकानवाली पाठ फिरवून, आधीच नीट लावलेल्या वायरी पुन्हा लावत बसली.

मग काका म्हणाले, “मला पाठ आहे.”

“काय पाठ आहे?”

“सगळं. काढायच्या आधी ऐकलंय ना मी. एकेक, दोनदोनदा.”

प्रूफ दोघांनी मिळून तपासायचं असलं की एकानं मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचा असतो. आयुष्यभर वाचला त्याच सपाट, घाई नसलेल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

“छे, परत चुकले मी. उद्गारचिन्ह. आई, मिक्सर बंद कर ना गं. पूर्णविराम. बाबा, दाराबाहेर उभे आहात ना. प्रश्नचिन्ह. पाय दिसतायत तुमचे. पूर्णविराम.”

काकूंनी काउंटरची कड घट्ट धरली. “पुढे,” त्या म्हणाल्या.

“हे वाक्य लिहिलंय कुणी. प्रश्नचिन्ह. जीभच वळत नाहीये माझी. पूर्णविराम. मग पाणी पिते. आई, दहा मिनिटांत येते जेवायला, स्वल्पविराम, देवाशपथ. पूर्णविराम. मग हसते.”

“कशी?”

काकांनी तोंड उघडलं.

“कशी हसते, अहो?”

काका तसेच, तोंड उघडून उभे राहिले.