करपलेल्या भाताला उत्तर

"मावशी, हे कायले लिहिलं तू? मी म्हटलं होतं, गिऱ्हाईक बनून लिहा!" फोनवर बोलताना भुपेंद्र रडकुंडीला आला होता.

फुलचूरच्या अंजू नावाच्या मुलीनं 'शालीकराम केटरर्स'च्या पेजवर एक स्टार दिला होता. खाली लिहिलं होतं, 'माझ्या लग्नात भात करपला. पाहुण्यांसमोर मान खाली गेली.' आज कामठ्याचे टेकचंद येणार होते, सप्ताहातल्या काल्याच्या महाप्रसादाचं काम ठरवायला. पेज पाहूनच येतो, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून भुपेंद्रनं नातेवाइकांना पाच-पाच स्टार द्यायला सांगितले. त्यांनी ते मनापासून दिले.

सालेकशाच्या देवकाबाई मावशीनं लिहिलं, 'आमचा भुपेंद्र लहानपणापासून गुणी. बेटा, तब्येतीची काळजी घे.' इंद्रकुमारनं लिहिलं, 'मामाजीच्या हातची वांग्याची भाजी एक नंबर. भुपेंद्र मांगं लागला म्हणून लिहून राहिलो.'

"मिटव ते सारं," शालीकराम म्हणाले. ते अंगणात भात शिजवायचा मोठा गंज घासत बसले होते.

"मले नाही मिटवता येत, बाबूजी. ज्यानं लिहिलं त्यालेच येते."

तेवढ्यात टेकचंद आलेच. बाजेवर टेकत त्यांनी विचारलं, "काऊन रे भुपेंद्र, तब्येत बरी आहे ना?"

भुपेंद्रनं मान खाली घातली. टेकचंद पोटभर हसले, मग शालीकरामांकडे वळले.

"तारीफ सारी घरचीच दिसते, शालीकभाऊ. परकी पोरगी एकच. तिचं काय झालं, ते सांगा. काल्याच्या दिवशी सारं गाव पंगतीले बसते. प्रसाद करपला तं लोक आम्हाले काय म्हणतीन?"

"तो दुसऱ्या केटररचा डाव आहे जी," भुपेंद्र घाईनं म्हणाला. "त्या लग्नात तं..."

"करपला होता," शालीकराम म्हणाले.

त्यांनी हातातली घासणी खाली ठेवली.

"बाजूच्या मंदिरात कीर्तन चालू होतं. बुवांनी आख्यान असं उचललं, का मी झारा धरून तसाच उभा राहिलो. खालची लाकडं ओढून जाळ मीच कमी कराचा होता. मृदंग थांबला, तवा वास आला. भुपेंद्र, त्या पोरीनं लिहिलं त्याच्या खाली लिही. भात माझ्या हातून करपला. तुझ्या लग्नात तुझी मान खाली गेली, माफ कर बाई. आणि नाव टाक माझं."

"हे लिहिलं तं नाव जाईन आपलं, बाबूजी."

"त्या लग्नात गेलंच ना ते. लिही."

भुपेंद्रनं लिहिलं. टेकचंदांनी आपल्या फोनवर ते सावकाश वाचलं. त्यांचं हसू आता मावळलं होतं.

"काम तुमचंच," ते म्हणाले. "पण आमच्याकडं कीर्तन मांडवातच असते, शालीकभाऊ. तुमची भट्टी मी गावाबाहेर लावीन. भोंग्याचा आवाजही येणार नाही, एवढ्या दूर. कबूल?"

शालीकरामांनी घासणी पुन्हा उचलली. काम करायला कुठंही गेले तरी काल्याचं कीर्तन त्यांनी आजवर चुकवलं नव्हतं. भुपेंद्रला ते ठाऊक होतं. तो फोन विसरून बापाकडे पाहत राहिला.

"कबूल," शालीकराम म्हणाले. मग आवाज उतरवून, "पंगतीत वाढता वाढता कोणाले तरी विचारीन जी, बुवांनी काय सांगितलं म्हणून."

"नाही," टेकचंद उठत म्हणाले. "सारं गाव जेवून उठल्यावर विचारा."