दादाचं रीळ

भर समुद्रात दादा बोटीवरून पडला, तेव्हा कप्तानाने बोट वळवली नाही. "मोठा मासा लागला होता, ताई," एवढंच म्हणाला.

आज तोच निर्लज्ज माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळाचा रॉड आणि दोऱ्याचं रीळ निवडायला आला. मी दादाचं रीळ जाड रॉडवर चढवून त्याच्या हातात दिलं.

रिळाची ओढ तपासायला दोऱ्याचं टोक धरून कुणीतरी दुकानाबाहेर चालत जायचं असतं. मी जागची हलले नाही.

टोक जमिनीवरून कमरेइतकं उचललं गेलं आणि दाराबाहेर, धक्क्याकडे चालू लागलं. रीळ करकरलं. दोरा ताठ झाला.

कप्तान दाराकडे फरफटत निघाला. "ताई, हात सुटत नाहीयेत!"

मी दार सताड उघडलं. "सोडताय कशाला? मोठा मासा लागलाय."