अर्थ विचारायचा नाही

खडूने आखलेल्या बॅगेत ठकीने आधी कोट टाकला. "आब्रिगो!" मग बूट. "सापातोस!" मग कापडी बाहुली, तिचं नाक एकदा फ्रॉकला पुसून. "मुन्येका!" एकही शब्द चुकला नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या बाबांची छाती अशी फुगली होती, की शर्टाचं बटण तुटायचंच काय ते बाकी होतं.

शनिवार त्यांच्या वाट्याचा. आठवड्यातला तेवढा एकच दिवस लेक त्यांची, आणि त्यातलेही दोन तास हा स्पॅनिशचा वर्ग खायचा. एरवी ते खाली जिन्याच्या पायरीवर बसून असत. आज पालकांना आत बोलावलं होतं, तर स्वारी कडक इस्त्री करून आली होती.

खेळ बाईंनीच काढलेला. फरशीवर प्रत्येक पोराची एक मोठी बॅग आखायची, सामानाचं नाव स्पॅनिशमध्ये घेत ते आत ठेवायचं, आणि शेवटी आपल्या आईला नाहीतर बाबांना हाताला धरून आत ओढायचं. की निघाला प्रवास! चार दिवस डोकं चालवलं होतं बाईंनी. एवढं चालवलं, पण ठकीच्या बॅगेशी कोण उभं राहणार, हे काही त्या डोक्यात आलं नाही. आता आलं, आणि खेळ इथेच थांबवावा असं त्यांना वाटलं.

कारण नाव घालायला आली होती ती ठकीची आई. "तीन महिन्यांत कामापुरतं बोलता आलं पाहिजे तिला," ती म्हणाली होती. "आम्ही दोघी तिकडेच राहायला जातोय, कायमच्या. तिच्या बाबांना यातलं काही कळू देऊ नका. वेळ आली की मीच सांगेन." बाईंनी मान डोलावली होती. आपल्याला काय करायचंय, आपण शब्द शिकवावेत.

एकेक पालक खिदळत बॅगेत शिरले. एक आई चांगलीच अंगापिंडाने भरलेली, ती काही मावेना. तर तिच्या पोराने खडू घेतला आणि बॅगच मोठी केली. सगळा वर्ग हसला.

ठकीचे बाबा एक पाय उचलून तयारच होते. बुटाचं टोक रेघेच्या आत गेलंसुद्धा. "आणि मी गं, ठके? मला नाही का घ्यायचं?"

ठकीने बाईंकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी बाबांचा बूट रेघेबाहेर सरकवला. काय करतेय म्हणून बाबा वाकले, तशी तिने त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली आणि म्हणाली, "तू ते केदास आकी."

मोठी माणसं कौतुकाने हसली. पोरं हसली नाहीत. तीन आठवडे ती खुर्च्यांची आगगाडी खेळत होती. ज्याला खुर्ची मिळायची नाही, त्याला टपली मारून ड्रायव्हर हेच म्हणायचा. तू इथेच राहायचंस. बारा पोरं होती वर्गात, आणि बाराही जणांना ते कळलं.

बाबांनी तर टाळ्याच पिटल्या. "अख्खं वाक्य! अरे वा! म्हणजे काय हो, बाई?"

"अर्थ विचारला! अर्थ विचारला!" आता मात्र पोरांनी एकच गिल्ला केला. वर्गाचा नियमच होता तो. इथे अर्थ कुणी विचारायचा नाही आणि कुणी सांगायचा नाही. खेळता खेळता कळेल तेव्हा कळेल. जो विचारील, त्याला गाढवाचे पुठ्ठ्याचे कान. कुणीतरी धावत कान आणले. ठकीने ते बाबांना स्वतः घातले. अगदी नीट, त्यांचे केस मागे सारून.

कान लावून बाबा बाईंकडे बघत राहिले. थट्टेतच, पण उत्तराची वाट बघत. नियम बाईंचा होता. मोडायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती.

"वर्गात अर्थ सांगत नाही आम्ही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"बरोबर आहे, शिस्त म्हणजे शिस्त! मी पाठच करून टाकतो. हिच्या आईला म्हणून दाखवीन फोनवर. चाट पडेल ती!"

वर्ग सुटला. बाई ओलं फडकं घेऊन फरशीवरच्या बॅगा पुसायला बसल्या. जिन्यातून आवाज येत होते.

"तू ते... केडास?"

"असं नाही बाबा! केदास. द! द!"

"केदास. आणि पुढे काय?"

"आकी!"

मग पावलं धडधडत परत वर आली. ठकी धापा टाकत दारात उभी, हातात पुठ्ठ्याचे कान. द्यायचे राहून गेले होते. ते बाईंच्या मांडीवर ठेवून ती अगदी जवळ सरकली आणि कुजबुजली, "बाई, मी बाबाला काही सांगितलं नाही हं. आईने शपथ घातलीय ना. मी फक्त स्पॅनिशमध्ये म्हटलं."

बाईंचं फडकं जागच्या जागी थांबलं.

"पण त्याला कळेल ना हो, बाई?"

बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात खालून हाक आली. "ठके! ऐक, आता जमतंय का बघ! तू ते केदास आकी!"

उच्चार अगदी बिनचूक होता.