देश रुसतात का?

दार उघडलं तेव्हा समोर हरेश्वर सर उभे होते. हातात कुकरचं भांडं, त्यावर झाकण म्हणून ताटली, खाली दुमडलेलं फडकं. शर्टाच्या बाहीला बेसन लागलं होतं.

"पिठलं-भात आहे," ते म्हणाले. "आज तुमच्याकडे चूल पेटायची नाही."

नीलाबाईंनी हात पुढे केला नाही. दुपारी थोरल्या बहिणीला, ताईला, स्मशानात पोचवून आल्यावर न्हाऊन त्या खुर्चीत बसल्या होत्या, त्या आता बेल वाजली म्हणून उठल्या. केस अजून ओले होते. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. पण या माणसाच्या हातचं घ्यायचं का, हा प्रश्न भुकेहून मोठा होता. दार लावून घ्यायचंही बळ नव्हतं, म्हणून ते उघडंच राहिलं.

दोघं एकाच विषयाचे, आंतरराष्ट्रीय राजकारणाचे, प्राध्यापक. मुलुंडला प्राध्यापकांची कॉलनी उभी राहिली तेव्हा समोरासमोरच्या इमारतींत राहायला आलेले. त्या वेळी गच्चीवरून मिठागरं दिसायची आणि सगळ्यांची दारं दिवसभर उघडी असायची. राष्ट्रं नुसता नफा-तोटा बघून वागत नाहीत, ती अपमान मनात धरतात, भितात, लाजतात, आधी कुणी बोलायचं यावर वर्षानुवर्षं अडून बसतात, असं नीलाबाईंचं म्हणणं. बढतीच्या मुलाखतीत त्यांनी ते जीव तोडून मांडलं. समितीत हरेश्वर सर होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे देश रुसतात का हो, मॅडम?"

समिती हसली. बढती गेली. घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये नीलाबाईंचं नाव 'रुसूबाई' पडलं. पुढे पवईच्या एका परिषदेत त्यांनीही उट्टं काढलं. भरल्या सभेत म्हणाल्या, "सरांना परराष्ट्र धोरण म्हणजे मासळीबाजारातली घासाघीस वाटते. घरचीच सवय." सरांची आई गोराईची कोळीण. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने मुलाला शिकवलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मग फाटकाशी गाठ पडली की नीलाबाई पिशवीत किल्ली शोधू लागायच्या. ताई म्हणायची, "तुझे देश राहू देत गं, तू किती रुसतेस ते बघ."

लेख परत यायचे. परिषदांत त्यांची पाळी जेवणानंतर, अर्धं सभागृह पेंगत असताना. राष्ट्रांच्या भावना हा विषय एम.ए.ला लावावा, असा ठराव त्या दरवर्षी अभ्यास मंडळात मांडायच्या आणि दरवर्षी तो पडायचा. मंडळाचे अध्यक्ष हरेश्वर सर. एका वर्षी मात्र सरांचा हात वर गेला. त्यांच्यामागून बाकीच्यांचेही गेले.

त्या दिवशी घरात शिरतानाच त्या म्हणाल्या, "पटलं गं त्यांना. माझा पेपर वाचलेला दिसतोय."

"पटेल नाही तर काय," म्हणत ताईने तव्यावरची भाकरी उलटली.

एवढ्या वर्षांच्या कामाचं ते एकच फळ. निवृत्तीनंतर सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं, की नीलाबाई तो वर गेलेला हात आठवत बसायच्या.

"घ्या ना, मॅडम. हात भाजतोय."

त्यांनी भांडं घेतलं. घेतल्यावर माणसाला आत या म्हणावंच लागलं. सर खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बायको लेकीकडे आहे, बोरिवलीला. मीच केलं. आमच्या घरात कालवण येतं सगळ्यांना, पिठल्याची बोंब. गुठळ्या झाल्यात."

"कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कसला. माझी आई गेली तेव्हा तुमच्याकडून आलं होतं ना."

"आमच्याकडून?"

"ताई घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, नीलाने केलंय, तिला यायला अवघड वाटतंय."

नीलाबाईंना तो दिवस आठवला. खाली माणसं जमली होती. गोराईहून आलेल्या बायका मोठ्याने रडत होत्या. त्या खिडकीशी गेल्या होत्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला होता. सरांचा हात वर गेला ती अभ्यास मंडळाची बैठक त्याच्या पुढच्याच महिन्यातली.

"सर, तो माझा पेपर..."

"नाही वाचला," हरेश्वर सर म्हणाले. "आता कशाला लपवू?"

नीलाबाईंनी भांडं टेबलावर ठेवून वरची ताटली काढली. गप्प बसता आलं असतं. समोरचा माणूस म्हातारा झाला होता, त्याच्या मनातलं एक चांगलं तसंच राहिलं असतं. पण ताईने नीलाबाईंच्या नावावर लावलेलं श्रेय आज ताईकडे परत जायला हवं होतं, आणि खोटं सांभाळायची ताकद अंगात नव्हती.

"ते मी केलं नव्हतं. मला पिठलं येत नाही. तुमच्या आई गेल्या, तेव्हा मी काहीच केलं नाही."

सरांनी ताटलीत भात वाढला. पिठल्यातल्या गुठळ्या चमच्याने एकेक मोडल्या आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"ठाऊक आहे. पडदा ओढलात तेव्हा मी खालीच उभा होतो," ते म्हणाले. "खोटं आहे हे कळत असूनही मी ते जेवलो, आणि आईवरून बोललात त्याचा इतक्या वर्षांचा राग गेला. मग तुमचं म्हणणं पटायला पेपर वाचायची गरजच उरली नाही."