वाढतं कापड

हौसाबाई कासारणीने शुभदाचा हात दाबून पाहिला आणि काढलेल्या हिरव्या बांगड्या परत टोपलीत ठेवल्या.

"ताई, सव्वादोनच्या इसरा आता. पावणेतीनच्या लागतील."

"काहीतरीच! दहा वर्षांपूर्वीचा हा कुडता अजून बसतो मला."

"वाढत्या कापडाचा ना? त्यो म्हशीलाबी बसंल. काच कुणाचं मन राखत नाय, ताई."

हौसाबाई गेल्यावर शुभदाने कपाटातून आईच्या सोन्याच्या पाटल्या काढल्या. पाच महिन्यांनी, लेकीच्या लग्नात, तिला त्या घालायच्या होत्या. साबण लावला, हात लालेलाल झाला, तरी पाटली अंगठ्यापाशीच अडली. तिला रडूच आलं. अंगाबरोबर गुपचूप वाढणारं कापड घरात आल्यापासून टाका उसवला नाही, हूक तुटला नाही, नाडी आखूड पडली नाही. गुडघे कुरकुरले, तेव्हा तिने जिन्याला दोष दिला होता.

"तुला दिसत नव्हतं?" ती नवऱ्यावर चिडली.

"दिसत होतं गं. पण तुला वाईट वाटलं असतं," विनायक म्हणाला.

"म्हणजे तूही या कापडासारखाच!"

तिने कुडत्याच्या काठातलं बटण दाबून वाढ बंद केली आणि माप दोन बोटं मागे घेतलं. कापड कमरेला आवळलं. तिसरा लाडू उचलला की आई असाच चिमटा काढायची.

"चपला घाल," ती विनायकला म्हणाली. "टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊ. आणि मी मध्येच बसले, तर 'पुरे आज' म्हणायचं नाही."

पाटल्या तिने कपाटात ठेवल्या नाहीत. रुमालात बांधून सोबत घेतल्या.